धोंड्याच्या महिन्याची पाळी

देव आहे की नाही, हा प्रश्न गुरवाच्या पोटी जन्मलेल्या माणसाने विचारू नये. कोष्ट्याने सूत आहे की नाही असं विचारण्यासारखंच ते. पण ज्या महिन्याची ही हकीकत आहे, त्या महिन्यात मी तो प्रश्न रोज विचारत होतो. आणि तोही देवळापासून कोसभर लांब, पळसाच्या रानात, खोपटाच्या दाराशी गुडघे पोटाशी घेऊन. उत्तर येत नव्हतं. येणार कुठून? देवाच्या दाराला कुलूप होतं, कुलपावर निजाम सरकारची लाखेची मोहर होती, आणि ते कुलूप लागावं म्हणून सरकारात अर्ज करणारा शहाणा मीच होतो.

आमचं गाव केजच्या अंगाचं. गावाबाहेर घडीव दगडाचं जुनं महादेवाचं देऊळ. त्याचा गाभारा जमिनीच्या पोटात आहे; उंबरा ओलांडला की चार पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. त्या देवाची गुरवकी आमच्या घराण्याकडे. पहाटे पूजा करायची, बेल आणायचा, गावच्या लग्नाकार्याला पत्रावळी लावून द्यायच्या, हेच आमचं काम. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, दादा एकोणीस. त्याने मला खांद्यावर बसवून देवळात नेलं, हात धरून पिंडीवर पाणी घालायला शिकवलं. पुढे वहिनी आली. तिने मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या उवा काढल्या, माझं लग्न लावलं. म्हणजे माझ्यावर अन्याय असा कुणी केलाच नाही. तीच तर अडचण होती. थोडा अन्याय झाला असता तर भांडायला कारण तरी मिळालं असतं. मला ते शोधावं लागलं.

तिशी ओलांडली तरी गाव मला ‘गुरवाचा धाकला’ म्हणायचं. बेल मी तोडायचो, झाडलोट मी करायचो, आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवाचा मुखवटा डोक्यावर घेऊन पालखीपुढे चालायचा तो दादा. त्याच्या पाया बाया पडायच्या. मी मागून छत्री धरून चालायचो, आणि माझ्या पाया पडायला कुणी चुकूनसुद्धा वाकायचं नाही. हे माझ्या मनात वर्षानुवर्षं आंबत गेलं. शेवटी एका दिवाळीनंतर मी म्हटलं, मला वेगळं व्हायचंय. दादा बराच वेळ पत्रावळी लावत बसला. मग म्हणाला, “हो बाबा. वेगळं व्हायचं तर हो. पर जेवून मग हो.” वहिनीने त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठाच ठेवला होता. मी तो खाल्ला आणि वेगळा झालो.

भांडीकुंडी वाटली, पण देव कसा वाटायचा? तर पाळीने. हीच आमच्याकडची रीत. पंचांनी ठरवलं, एक महिना थोरल्याचा, एक धाकट्याचा. आणि दर वर्षी उलटापालट, म्हणजे श्रावण एका वर्षी ह्याच्याकडे, एका वर्षी त्याच्याकडे. सगळं सुरळीत झालं. मी खूश होतो. पळसाच्या रानात खोपट घातलं, पत्रावळीची पानं हाताशी आली, आणि माझ्या पाळीच्या महिन्यात पहाटे गाभाऱ्यात उतरलो की वाटायचं, आता मी कुणाचा धाकटा नाही. पंच शहाणे होते, दादा शहाणा होता, मीही स्वतःला तसाच समजत होतो. पण आमच्यापैकी एकालाही आठवण झाली नाही की दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो.

त्या वर्षी श्रावण माझा होता. मुखवटा घासायला मी चिंचसुद्धा आणून ठेवली होती. आणि जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगितलं, औंदा श्रावण अधिक आहे. आधी धोंड्याचा महिना, मग खरा श्रावण. झालं! आषाढ दादाचा. धोंड्याचा महिना पाळीत मोजला तर तो माझ्या वाट्याला येणार, आणि खरा श्रावण, त्याचे सोमवार, ती पालखी, तो मुखवटा, सगळं पुन्हा दादाकडे. न मोजला तर श्रावण माझा. दादा म्हणाला, “म्हयना हाय तर मोजायलाच पायजे.” मी म्हणालो, धोंड्याला पाळी नसते. आठ दिवस आम्ही दोघं असे भांडलो की गावातल्या म्हाताऱ्या पाण्याच्या घागरी खाली ठेवून ऐकायला उभ्या राहायच्या. शेवटी दादाच नमला. म्हणाला, “धाकल्या, जाऊ दे. दोन्ही म्हयने दोघं मिळून करू. मुखवटा तू घे.”

इथे मी गप्प बसलो असतो तर ही हकीकत सांगायची वेळ आली नसती. पण मला ते दान वाटलं. इतकी वर्षं ज्याचं दिलेलं खाल्लं त्याच्याकडून आणखी एक वस्तू घ्यायची? मी म्हटलं, तू कोण देणारा? गाभाऱ्यातच उभे होतो आम्ही. पिंडीवर टांगलेली तांब्याची गळती, जिच्यातून देवावर थेंब थेंब पाणी पडतं, ती मी हिसकून घ्यायला गेलो. दादाने धरली. ओढाताणीत ती पायरीवर आपटली आणि तिला पोचा पडला. त्या आवाजाने मी भानावर यायला हवं होतं. मी म्हणालो, “आजपासून माझा भाऊ मेला.” दादाने गळती उचलून उपरण्याने पुसली, पुन्हा साखळीला अडकवली, आणि माझ्या आधी पायऱ्या चढून वर गेला.

दुसऱ्या दिवशी मी केजला गेलो. तिथल्या अर्जनविसाला सांगितलं, फैसला होईपर्यंत माझ्या भावाला देवळात पाय ठेवू देऊ नका, असं लिहा. त्याने चष्म्यावरून पाहिलं. “भाऊ, मनाई मागाल तर ती दोघांना लागेल.” मी म्हटलं, “लागू द्या. त्याला तर लागेल ना?” त्याने उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सुंदर अक्षरात माझा मूर्खपणा उतरवला आणि मी त्याखाली अंगठा दाबला. धोंड्याच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तहसिलातले पेशकारसाहेब आले. चौकशी चालेतो दोघांही भावांनी देवळासमोरच्या पिंपळाच्या पाराच्या पुढे यायचं नाही, असा हुकूम वाचला. कुलूप लागलं, लाख वितळली, मोहर बसली. पहाऱ्याला एक म्हातारा शिपाई ठेवला. पांढरी दाढी, गुडघे वाकलेले. सगळे त्याला जमादार म्हणत. अख्खा गाव उभा होता. माझ्याकडे कुणी रागाने पाहत नव्हतं. रागाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. एक म्हातारी पुढे झाली, हातातला बेल कुठे वाहावा हे न कळून तिने तो कुलपावर ठेवला, आणि तो खाली पडला.

त्यानंतर पाऊस ओढला. तो तसाही ओढतो आमच्याकडे, पण त्या वर्षी गावाला कारण सापडलं. देव कोरडा म्हणून रान कोरडं. कुणी माझ्या पत्रावळी घेईना. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. गावोगावचे जावई सासरी धोंडे आणि अनारसे खाऊन फुगत होते. माझ्या सासूने निरोप पाठवला, यंदा येऊ नका, अनारसं तळता तळता विरघळतंय. माझी बायको तोंडाची जरा कडकच. ती म्हणाली, “देवाला कुलूप लावलं ना? आता एक आपल्या तोंडाला बी लावा, म्हंजी झालं.” मी लावलं. बोलणं सोडलं, गावात जाणं सोडलं. पहाटे जाग यायची आणि हात आपोआप तांब्याकडे जायचा. तांब्या भरून घ्यायचो आणि मग कळायचं, हे पाणी घालायचं कुणावर? पळसाच्या बुंध्यात ओतून टाकायचो. नामस्मरण करायला बसलो की ओठावर देवाचं नाव यायचंच नाही, माझंच वाक्य यायचं, गाभाऱ्यात बोललेलं. मला स्वतंत्र व्हायचं होतं. झालो होतो. ना भाऊ, ना गाव, ना देव, इतका मोकळा माणूस त्या मुलखात दुसरा नव्हता. विहिरीच्या काठावर बसलो की खालचं पाणी फार जवळ वाटायचं. बायकोला काय कळलं कोण जाणे, एक दिवस तिने पोहरा आणि दोर उचलून खोपटात आणून ठेवला आणि म्हणाली, “पानी मी आनत जाईन.”

महिना संपत आला तेव्हा मी ठरवलं, कुलूप फोडायचं. सरकारी मोहर तोडली की तुरुंग, हे मला ठाऊक होतं. पण देवावर एक तांब्या पाणी पडेल, आणि मग काय व्हायचं ते माझंच होईल. तांबडं फुटता फुटता मी पहार खांद्यावर टाकून निघालो. वाटेत दोनदा ठेच लागली. तिसऱ्यांदा पहारच पायावर पडली. फोडायला निघालेला वीर लंगडत लंगडत पिंपळाच्या पारापाशी पोचला.

जमादार जागा होता. देवळाच्या दाराशी पाठमोरा उभा राहून तो घागरीतलं पाणी लोट्याने उंबऱ्यावर ओतत होता. सावकाश, एका धारेने. दाराखाली बोटभर फट आहे. पाणी त्या फटीतून आत जात होतं, आणि मला ते ऐकू आलं: पहिली पायरी, दुसरी, तिसरी, चौथी. मग आवाज थांबला. चौथ्या पायरीपुढे पिंडीच आहे.

मी हुकूम विसरून पाराच्या पुढे गेलो. “काय करताय तुम्ही?” तो दचकला. माझ्याकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं, आणि ओशाळून हसला. त्याची भाषा दखनी, पण आमच्या मुलखात ती कुणाला कळत नाही असं नाही. “सफाई कर रहा हूँ, भाऊ. हुकूम में लिखा है मुहर सलामत रहे, अंदर कोई न जाए. उंबरा नको धुवो, ऐसा कहीं लिखा नहीं. मैं पढवा के लिया.” तो पुढे म्हणाला, “पहले मैं जेलखाने पे था. वहाँ खून के कैदीकू भी दो वखत पानी देते. और ये तो... इसने क्या किया? बेचारा महिनाभर अंदर अकेला है.”

मी पहार खाली ठेवली. विचारलं, रोज घालता? म्हणाला, रोज. मग मान हलवून म्हणाला, “पर सवाब, तुम पुण्य बोलते वो, मेरा नहीं. पानी तुम्हारे बडे भाई का है. पहले दिन से आता था. पाराच्या इधर घागर रखता, आगे नहीं आता. मेरेकू बोला, जमादार, पाळी धाकल्याची हाय, त्याच्या नावानं वता. मैं हर रोज वैसाइच बोलता, फिर डालता.” मग त्याने लोटा उपडा करून ठेवला. “चार रोज हो गए, नहीं आया. बुखार है बोलते. चार रोज से मैंच भर लाता. आदत हो गई.”

ह्या ठिकाणी इतर लोकांच्या अनुभवात काहीतरी होतं. प्रकाश दिसतो, घंटा वाजते. मला काही दिसलं नाही. पाय तेवढा ठणकत होता. महिनाभर मी देवाला विचारत होतो, आहेस का. आणि देव महिनाभर माझ्याच नावाने पाणी घेत होता. ते पाणी वाहणारा माझा मेलेला भाऊ होता, आणि माझं नाव घेणारा होता एक म्हातारा, ज्याला आत पाय टाकण्याची ना मुभा होती, ना गरज.

मी तसाच दादाच्या घरी गेलो. पहार पुन्हा खांद्यावर कधी घेतली ते आठवत नाही. वहिनी दारात होती, मागे त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. तिने पहारीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आता काय, घराच्या भिती बी फोडाया आलास का रं?” मी पहार टाकून तिच्या पायाशी बसलो. तिने डोक्यावर हात ठेवला नाही. बाजूला झाली, आत जायला वाट दिली. तेवढंही पुष्कळ होतं.

दादा मुदतीच्या तापाने पडला होता. डोळे उघडे, पण ओळख नव्हती. ओठ फुटून काळे पडले होते. वैदू म्हणाला होता, तापात पाणी एकदम देऊ नका, थेंब थेंब द्या. माझ्या आयुष्यात मला एकच काम येतं, थेंब थेंब पाणी घालण्याचं, आणि तेही दादानेच शिकवलेलं. फडकं भिजवून मी त्याच्या ओठावर पिळत बसलो. पहिला थेंब आत गेला तशी त्याची जीभ हलली. माझ्याकडे पाहत, पण मला न पाहता तो म्हणाला, “जमादार, त्याच्या नावानं वता.”

दहा दिवस मी तिथून हललो नाही. बायकोला बोलावून घेतलं. तिने आणि वहिनीने मधलं काहीच घडलं नसल्यासारखी चूल एक केली. दादाच्या कानाशी तोंड नेऊन मी किती वेळा सांगितलं, दादा, मी आहे, धाकला. मी चुकलो. तू मुखवटा घे, गुरवकी घे, महिने सगळे तुझे. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी पाणी दिलं की तो तेवढंच म्हणायचा. दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा: त्याच्या नावानं. माझ्या हातून, माझ्याच नावाने, पाणी तो पीत होता. अकराव्या दिवशी सकाळी पाणी ओठावरून ओघळून उशीवर गेलं. ज्या शब्दाने मी त्याला जिवंतपणी मारलं होतं तो शब्द मागे घ्यायची संधी देवाने मला दिली, पण तो मागे घेतलेला ऐकायला दादाला शुद्ध दिली नाही. ह्याचा अर्थ मी पुष्कळ वर्षं शोधला. लागला नाही. आता शोधत नाही.

वादातला एक जण गेला आणि उरलेल्याने अर्ज मागे घेतला, म्हणून सरकारने कुलूप काढायचा हुकूम दिला. तोवर खऱ्या श्रावणाचे तीन सोमवार होऊन गेले होते. तो श्रावण शेवटी दादाला मिळाला नाही, मलाही नाही. जमादाराने मोहर तोडली, दार ढकललं आणि आपण बाजूला झाला. मी सुतकी, म्हणून दिवा घेऊन जोशीबुवा आत उतरले. मी उंबऱ्यावरून पाहत होतो. दीड महिन्याच्या बंद गाभाऱ्यात कोळिष्टकं असायला हवी होती, ती होती. पण चारही पायऱ्या ओल्या होत्या, मधोमध पाण्याने एक वाट धुऊन काढली होती, आणि पिंडीच्या बुडाशी पाणी साचलं होतं. त्या पाण्यात बेलाची पानं होती. गावच्या बायांनी रोज कुलपावर वाहिलेली, खाली पडलेली, फटीतून वाहत आत गेलेली. एक पान हिरवंगार होतं, त्याच सकाळचं, पिंडीला चिकटलेलं. वर पोचा पडलेली गळती कोरडी लोंबत होती. मला काही सिद्ध करायचं नाही. पाणी उताराकडे जातं आणि पानं पाण्याबरोबर जातात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला ते कळायला एवढं सगळं व्हावं लागलं.

जमादाराची बदली झाली. जाताना त्याने घागर परत केली, दादाची होती ती. मी त्याच्या पाया पडू लागलो तर म्हणाला, “अरे, गुडघे मेरे दुखते, वाकतोस तू!” पुढे तो कुठे गेला, आहे की नाही, काही कळलं नाही. पाया पडायला कुणी आपल्यापुढे वाकावं म्हणून मी एवढा उत्पात केला, आणि ज्याच्यापुढे मी मनापासून वाकलो त्याला ते नकोच होतं.

आता गुरवकी दादाच्या मुलाकडे आहे, बारा महिने. मी पळसाची पानं आणतो, पत्रावळी लावतो, आणि शेवटच्या सोमवारी छत्री धरून पुतण्याच्या मागे चालतो. गाव आता मला ‘गुरवाचा चुलता’ म्हणतं. बढती झाली म्हणायची. पण धोंड्याचा महिना आला की तो महिनाभर मी पाराच्या पुढे जात नाही. तो माझा मीच लावून घेतलेला हुकूम. दादाच्या घागरीत पाणी आणतो आणि पारावर ठेवतो. पुतण्या येतो, घागर उचलतो आणि आत जाण्याआधी एक तांब्या उंबऱ्यावर ओततो. पहिल्या खेपेला त्याने विचारलं होतं, “काका, कुनाच्या नावानं वतू?” मी सांगायला तोंड उघडलं आणि मला दादाचं नाव घेता येईना, जमादाराचं तर मला ठाऊकच नव्हतं. तो थोडा थांबला आणि त्याने तसंच ओतलं. पाणी चार पायऱ्या उतरून गेलं.

तेव्हापासून तो विचारत नाही. मी पारावर बसून ऐकतो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. आवाज थांबला की घागर घेऊन घरी येतो.